सावळीरामांच्या तीन रात्रपाळ्या

सावळीराम गायधनींनी आयुष्यात कुणाला झोपवलं नव्हतं. जागं मात्र पुष्कळांना ठेवलं होतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते चौतीस वर्षं टर्बाइनवर होते. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमाराला नव्या पोरांच्या माना डुलायला लागल्या, की सावळीराम नुसते दारात उभे राहून "काय रे, जेवले का?" एवढं विचारायचे. तेवढ्यानं माना सरळ व्हायच्या. टर्बाइनशेजारी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, आणि चौतीस वर्षं ओरडल्यावर माणसाला हळू बोलणं जमेनासं होतं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज काही रिटायर झाला नव्हता. पळशातल्या घरी त्यांनी मीठ मागितलं की शेजारची अक्काबाई मीठ घेऊन येते, असं त्यांची बायको कलाबाई सांगायची. त्यात थोडं वाढवलेलं असेल, पण फार नाही.

जानेवारीत एक अडचण उभी राहिली. त्यांचा मुलगा ललित अंबडच्या एका कंपनीत मशीन बसवायच्या कामावर आहे. त्याला कंपनीनं चार दिवस चेन्नईला पाठवलं. त्याची बायको प्रतिभा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचं पुण्यातलं प्रशिक्षण नेमकं त्याच दिवसांत आलं. आणि साडेपाच वर्षांच्या शर्वीला जिच्याकडे ठेवायचं, ती कलाबाई होती घोटीला. तिची बहीण फुलाबाई हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचे होते.

"मी येते परत," कलाबाई फोनवर म्हणाली. "थेंब घालायला बघते कुणीतरी."

"कशाला? पोरगी एवढीशी तर हाय," सावळीराम म्हणाले. "दोनशे दहा मेगावॅटचा संच सांभाळलाय मी."

"त्या संचाला सू लागत नव्हती," कलाबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी सावळीराम पिशवी घेऊन जेल रोडवरच्या ललितच्या फ्लॅटवर पोचले. चौथा मजला. ललित सकाळीच गेला होता आणि प्रतिभा निघायच्या घाईत होती. तिनं त्यांना फ्रिजवर चिकटवलेला कागद दाखवला. साडेसातला जेवण, ते समोरच्या छायाताई आणून देतील. आठला दूध, साखर न घालता. साडेआठला दात आणि सू. मग गोष्ट एकच. नऊला दिवा बंद. मोबाईल अजिबात नाही. 'एकच' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

सावळीरामांना तो कागद फार आवडला. कामावर त्यांनी असेच कागद वाचले होते. आधी हे बंद, मग ते बंद, मग पाच मिनिटं थांबा.

"आणि या क्रमानं केलं, तरी बंद नाय झाली तर?" त्यांनी विचारलं.

"होते आबा," प्रतिभा म्हणाली. बॅगेची चेन लावताना तिनं पुढे हळूच जोडलं, "बहुतेक."

पहिल्या रात्री पावणेनऊपर्यंत सगळं कागदाप्रमाणे झालं. शर्वी जेवली, बिनसाखरेचं दूध प्यायली, तिनं दात घासले. मग ती पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आबा, गोष्ट."

इथे सावळीराम अडकले. त्यांना एकही गोष्ट येत नव्हती. ससे, राजे, पऱ्या या मंडळींशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. मग त्यांनी खरं घडलेलं सांगितलं. एकदा केबलच्या भुयारात सहा फुटी धामण निघाली, आणि जमीलभाई नावाच्या त्यांच्या दोस्तानं ती हातानं धरून बाहेर आणली. गोष्ट चांगली रंगली. इतकी रंगली, की संपली तेव्हा शर्वी गुडघ्यांवर उभी होती आणि तिचे डोळे दुपारपेक्षा मोठे झाले होते.

नऊला त्यांनी दिवा बंद केला आणि जुन्या सवयीनं वहीचा एक कागद घेऊन नोंदी करायला बसले. वीजकेंद्रात दर तासाला रीडिंग घ्यावं लागतं, म्हणजे आकडे लिहावे लागतात. काय चढलं, काय उतरलं, ते कागदावर असलं की माणसाचं डोकं शांत राहतं. मोबाईलच्या उजेडात त्यांनी लिहिलेला तो कागद पुढे कलाबाईनं सगळ्या पळशाला वाचून दाखवला. तो असा होता:

९.०० दिवा बंद. डोळे उघडे.
९.१० पाणी मागितले. दिले.
९.२५ सू. (पाण्यामुळे.)
९.३५ पाय खाजतो. कोणता ते सांगता येत नाही.
९.४५ पंखा लावा म्हणते. थंडी आहे. तरी लावला. आता थंडी वाजते म्हणते. दोन ब्लँकेटे घातली. पंखा बंद करू देत नाही, आवाज पाहिजे म्हणते.
१०.०० विचारते, धामणीला आई असते का. असते म्हणालो. विचारते, मग ती कुठे होती. उत्तर देता आले नाही.

दहाच्या पुढे दारावरची बेल वाजली. छायाताई स्वेटर घालून उभ्या होत्या.

"आबा, काही झालंय का? आवाज येतोय म्हणून आले."

"काय नाय झालं. पोरीला झोपवतोय."

छायाताईंनी जरा विचार केला. "तुम्ही तिला झोपवताय, त्यात आमचे हे उठले," त्या म्हणाल्या. "जरा हळू झोपवा."

शर्वी अखेर पावणेअकराला झोपली. ती आपली आपण, पलंगावर आडवी, दोन्ही पाय सावळीरामांच्या पोटावर ठेवून. सावळीराम रात्रभर कूस न बदलता पडून राहिले. पायांचं वजन फार नव्हतं, पण ते हलवले तर काय होईल याचा त्यांना अंदाज नव्हता.

सकाळचं काम मात्र त्यांच्या हातचं होतं. प्रतिभाला शर्वीला उठवायला वीस मिनिटं लागतात. सावळीरामांनी दारातून "शर्वे!" अशी एकच हाक मारली. शर्वी ताठ उभी राहिली. खालच्या मजल्यावरचाही कुणीतरी उठला असावा, कारण गीझर सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारी जमीलभाई भेटायला आले. ते बॉयलरवर होते, आणि दोघांनी तीस वर्षं एकाच पाळीत काढली होती. त्यांना सात नातवंडं होती, त्यामुळे सावळीरामांनी हा विषय त्यांच्यापुढे अगदी गंभीरपणे मांडला. कागदही दाखवला.

जमीलभाईंनी चहा संपेपर्यंत कागद वाचला. मग म्हणाले, "तुझी सगळी गडबड इथंच आहे. तू तिच्यावर नजर ठेवून बसलास. पोरांना कुणी बघत असलं की झोप येत नाही. उलटं करायचं. आपण झोपून जायचं."

"म्हणजे खरं?"

"अरे भाई, नाटक करायचं. डोळे बंद, थोडं घोरायचं. पोरगी बोअर होते आणि झोपते. सातही जणांवर चाललेला इलाज आहे."

बुधवारी रात्री सावळीरामांनी तसंच केलं. गोष्टीऐवजी त्यांनी शर्वीलाच शाळेतली गोष्ट सांगायला लावली, दिवा बंद केला, पंखा लावला, ब्लँकेटं घातली आणि तिच्या शेजारी डोळे मिटून पडले.

"आबा, झोपलात?"

"हो."

"मग बोलताय कसं?"

सावळीरामांना आपली चूक कळली. त्यानंतर ते बोलले नाहीत. थोड्या वेळानं एका छोट्या बोटानं त्यांची डावी पापणी वर उचलली. समोर शर्वीचा डोळा होता, अगदी जवळ. सावळीरामांनी बुबुळ हलू दिलं नाही. पापणी सुटली. मग पावलांचा आवाज झाला, ड्रॉवर उघडला, काहीतरी खुडखुड झाली, आणि त्यांच्या हाताच्या बोटांना काहीतरी गार लागलं. आता डोळे उघडले तर सगळं नाटक वाया जाणार, म्हणून त्यांनी तेही सोसलं. ते सोसता सोसता, आदल्या रात्रीचं जागरण अंगावर आलं आणि ते खरोखर झोपले.

जाग आली तेव्हा शेजारी शर्वी नव्हती.

सावळीराम उठले. बाथरूम रिकामं. पलंगाखाली कुणी नाही. गॅलरीच्या दाराकडे ते धावलेच. वरची कडी लागलेली होती, तरी त्यांनी ती दोनदा हलवून पाहिली. त्यांना हाक मारायची होती, पण आवाज फुटेना.

स्वयंपाकघरात उजेड होता. फ्रिजचं दार उघडं होतं आणि त्याच्या उजेडात खुर्चीवर शर्वी बसली होती. मांडीवर त्यांचा कागद, हातात पेन.

"काय करतीस गं?" ते म्हणाले. इतक्या हळू, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"तुम्ही झोपलात ना," शर्वी म्हणाली, "मग मी रीडिंग घेतेय."

कागदावर खाली आणखी ओळी झाल्या होत्या. पुढे ९, ९, ९, १० असे आकडे, आणि प्रत्येक आकड्यासमोर एक गोल चेहरा. डोळे मिटलेले, तोंड उघडं. शेवटच्या चेहऱ्याच्या तोंडातून वेटोळी निघाली होती. ते घोरणं आहे, असं तिनं समजावून सांगितलं.

सावळीरामांनी तिला उचललं. पलंगावर ठेवेपर्यंत ती झोपली होती, पण यात आपलं काही कर्तृत्व नाही, हे त्यांना माहीत होतं. पाळी संपली म्हणून ती झोपली होती.

गुरुवारी सकाळी घाईघाईत ते तिला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला खाली उतरले. व्हॅनचा ड्रायव्हर देवराम तसा अबोल माणूस. त्यानं शर्वीचं दप्तर घेतलं, सावळीरामांकडे पाहिलं, परत पाहिलं आणि आदरानं विचारलं, "आबा, रात्री काय कार्यक्रम होता का?"

घरी येऊन त्यांनी आरशात पाहिलं. टकलावर पाच टिकल्या एका ओळीत होत्या. दहाही नखं गुलाबी. टिकल्या निघाल्या. नखांचं काय करायचं हे विचारायला ते छायाताईंकडे गेले, तर त्यांना हसू आवरेपर्यंत बाहेर थांबावं लागलं.

तिसरी रात्र अवघड जाणार हे संध्याकाळीच दिसलं. प्रतिभाचा व्हिडिओ कॉल आला. तोवर शर्वी मजेत होती. आईचा चेहरा पाहिला आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. "उद्या संध्याकाळी येते गं राणी," प्रतिभा म्हणाली. पण उद्या ही काही आत्ता हातात धरायची वस्तू नव्हती. फोन बंद झाल्यावर शर्वीनं दूध घेतलं नाही, दात घासले नाहीत, आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यातच पावणेनऊला लाईट गेली.

दिवा गेला आणि पंखाही थांबला. इन्व्हर्टर घ्यायचा ललितचा विचार दोन वर्षं चालू होता. खोलीत एकदम अशी शांतता झाली, की शर्वी दचकून उठून बसली आणि रडायला लागली.

"मी हाय ना इथं," सावळीराम म्हणाले.

"आबा, तुम्ही लाईट बनवायचे ना?" ती हुंदक्यातून म्हणाली. "मग लावा ना."

सावळीरामांनी तिला खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला. वीज बनवणारे वेगळे, ती घरोघर पोचवणारे वेगळे. शर्वीला हा खुलासा पटला नाही. मग त्यांनी तिला ब्लँकेटात गुंडाळून खिडकीशी नेलं. अंधारात लांब पूर्वेकडे वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते.

"ते बघ. तिथं सगळं चालू हाय."

"मग इथं का नाही?"

"वाटेत कुठंतरी अडकली असंल."

शर्वीनं नाक पुसलं. "मग आपण नवीन बनवू या," ती म्हणाली.

आता हे काम सावळीरामांना येत होतं. त्यांनी जरा विचार केला. "बनवू. पण टर्बाइन आडवं असतं. आडवं पडल्याबिगर काय सुरू होत नाय."

शर्वी लगेच आडवी झाली. सावळीराम शेजारी पडले.

"आता?"

"आता बॉयलर पेटवला. पण लगेच वाफ सोडायची नाय. मशीन थंड असतं. आधी त्याला हळूहळू फिरवायचं. तू डोळे मीट, म्हणजे आत उष्णता राहती."

तिनं डोळे मिटले. "फिरतंय का?"

"फिरतंय. ऐक."

आणि सावळीरामांनी आवाज काढला. गाणं त्यांना येत नव्हतं, अंगाई तर त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलीही नव्हती. पण तो आवाज चौतीस वर्षं त्यांच्या अंगात मुरलेला होता. तोंड मिटून, छातीच्या तळातून, अगदी खालच्या पट्टीत. हूंऽऽऽ. श्वास संपला की नवा घ्यायचा आणि तिथूनच पुढे. शर्वीनं आपला हात त्यांच्या छातीवर ठेवला, मग हात काढून कान ठेवला.

"हलतंय," ती म्हणाली.

"हलणारच. पाचशे फेरे झाले."

"किती झाले की लाईट येते?"

"तीन हजार."

आवाज किंचित चढला. हूंऽऽऽ. आठशे. हूंऽऽऽ. हजार. बाराशेला तिनं विचारलं, "आबा, आई पुण्याला आहे, तिथे पण हीच लाईट आहे का?" सावळीराम म्हणाले, "हीच असंल. सगळ्या तारा एकमेकींना जोडलेल्या असत्यात." हे उत्तर बरोबर होतं आणि तिला ते आवडलंही. पंधराशेला तिची मूठ सुटली. सतराशेला श्वास लांबला. दोन हजारला त्यांनी हळूच विचारलं, "शर्वे?" उत्तर आलं नाही.

आता थांबायची पंचाईत. मशीन कधीही एकदम बंद करायचं नसतं, हे त्यांनी किती नव्या पोरांना बजावलं होतं. त्यांनी फेरे उतरवायला घेतले. अठराशे, बाराशे, पाचशे. शेवटी नुसता श्वास राहिला. त्याला दहा मिनिटं लागली असतील.

थोड्या वेळानं लाईट आली. बंद करायची राहिलेली ट्यूब नेमकी तिच्या डोळ्यांवर भक्कन लागली, पंखा फिरायला लागला, खालच्या पार्किंगमधून पोरांचा गलका आला. सावळीराम उडी मारून बटणापाशी गेले. शर्वी हललीसुद्धा नाही. ते अंधारात तसेच उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी कितीदा तरी संच सुरू केला होता, पण असा आनंद झाल्याचं त्यांना आठवेना. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. कलाबाईला फोन लावायचा, तर बोलावं लागेल. म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन मेसेज टाईप केला: "झोपली. ९.२०." कलाबाईचं उत्तर आलं: "तुम्ही पण झोपा."

शुक्रवारी संध्याकाळी ललित आणि प्रतिभा तासाभराच्या अंतरानं घरी पोचले. आईच्या गळ्यात पडून झालं, चेन्नईहून आणलेली बाहुली उघडून झाली, आणि झोपायची वेळ झाल्यावर शर्वी ललितला म्हणाली, "बाबा, मशीन लाव."

"कसली मशीन?"

"आबांची. वाफेची."

ललितला काही उमगेना. मग सावळीराम संकोचत आत गेले आणि दार लोटून घेतलं. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा ललित दाराशीच उभा होता. त्यानं आत डोकावून पाहिलं आणि दार परत ओढून घेतलं.

"हे तुम्हाला येत होतं?" त्यानं विचारलं.

"मलाच म्हाईत नव्हतं."

प्रतिभानं चहा केला. तिघं हॉलमध्ये बसले. ललित हसत म्हणाला, "आबा, मला कुणी झोपवलं ते नाही आठवत. पण तुम्हाला आम्ही झोपवायचो, ते पक्कं आठवतंय. तुमची रात्रपाळी असली की दिवसा क्वार्टरच्या खिडकीला आई घोंगडी लावायची. मी आणि शुभाताई बिनआवाजाचा कॅरम खेळायचो. स्ट्रायकर मारायचा नाही. सोंगट्या बोटानं सरकवत न्यायच्या."

"मला कधी बोलला नाहीस."

"कधी बोलणार? तुम्ही झोपलेले असायचे."

ललितच्या आवाजात तक्रार नव्हती. तो खरोखरच गंमत सांगत होता. पण सावळीरामांनी कप खाली ठेवला. दोन पोरं, शुभांगी आणि ललित, मान खाली घालून सोंगट्या सरकवत बसलेली, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी फोन काढला आणि घोटीला लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"काय गं," ते म्हणाले, "आपला ललित बारका होता, तवा कसा झोपायचा?"

"आत्ता विचारताय?" कलाबाई म्हणाली. "झोपायचा कुठं तो. शुभा झोपायची, पण हा नुसता पडून राहायचा. तुमची दुसरी पाळी असली की साडेबारा वाजेपर्यंत टक्क जागा. बाहेर तुमच्या सायकलचं स्टँड लागलं, की कूस बदलायचा आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचा. मी मग तुम्हाला वाढायला उठायची. का हो, काय झालं?"

"काय नाय. थेंब घातले का फुलाबाईला?"

"घातले."

त्यांनी फोन ठेवला. ललित उठला आणि कप विसळायला आत गेला. तीन कप विसळायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. प्रतिभा त्याच्या मागे गेली नाही.

पळशाची शेवटची बस सुटायला अजून अवकाश होता, पण ललितनं कपाटातून गादी काढली आणि हॉलमध्ये घातली. सावळीरामांनीही पिशवी परत कोपऱ्यात ठेवली. मग बापलेक गादीवर बसून चेन्नईच्या मशीनबद्दल बोलत राहिले. तिथलं एक बेअरिंग सारखं गरम होत होतं आणि तीन दिवस कुणाला कारण सापडलं नव्हतं. ते कसं वाजतं, एवढंच सावळीरामांनी विचारलं. ललितनं तोंडानं आवाज काढून दाखवला. सावळीरामांनी त्याला तो दोनदा काढायला लावला, डोळे मिटून ऐकला आणि बेअरिंगचा दोष नाही, शाफ्टच जरा तिरका बसलाय, असं सांगून टाकलं. शनिवारी ललितनं चेन्नईला फोन करून ते तपासायला लावलं. तिकडून काय उत्तर आलं ते त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही, पण तेव्हापासून मशीनची अडचण आली की तो संध्याकाळी पळशाला एक चक्कर टाकून जातो.